आठशे चाळीस काड्या

पणजोबांना लोक 'कुदळ' म्हणत, आजोबांना 'दोरी' आणि वडिलांना 'उद्या'. पणजोबांनी नऊ वर्षे एकाच हट्टाने तो उतार खणून काढला, म्हणून कुदळ. आजोबांनी त्या उतारावर द्राक्षाच्या वेली इतक्या सरळ ओळींत लावल्या की खालच्या रस्त्याने जाणारा माणूसही नकळत ताठ चालू लागे, म्हणून दोरी. वडिलांनी काय केले याचे उत्तर त्यांच्या नावातच आहे. कुंपण मोडले, उद्या बघू. दात दुखतो, उद्या बघू. खुद्द मृत्यूलाही त्यांनी दोन वेळा दारातून परत पाठवले होते. तिसऱ्या वेळी त्याने ऐकले नाही.

या तिघांनंतर घराची सूत्रे थोरल्या लेकीच्या, म्हणजे अक्कांच्या, हाती आली. अक्कांना तोंडावर नाव ठेवण्याची कोणाची छाती नव्हती. पाठीमागे मात्र सारे त्यांना 'त्रुटी' म्हणत. चौतीस वर्षे अक्कांनी नोंदणी कार्यालयात हेडक्लार्कची खुर्ची सांभाळली आणि त्या काळात एकही अपुरा अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे सरकला नाही. तारीख नाही, त्रुटी. सही चौकटीबाहेर गेली, त्रुटी. एका नवरदेवाने विवाहनोंदणीच्या अर्जात घाईघाईने स्वतःच्या जागी सासऱ्याचे नाव लिहिले, तेव्हा अक्कांनी ते जोडपे तीन आठवडे अविवाहित ठेवले. त्या तीन आठवड्यांत मुलीचा विचार बदलला आणि पुढे ती फुले घेऊन अक्कांचे आभार मानायला आली. नियम माणसांच्या भल्यासाठीच असतात, ही अक्कांची श्रद्धा त्या दिवसापासून अधिकच दृढ झाली.

सांगायचे आहे ते वायनरीबद्दल. ती अक्कांची कल्पना नव्हती, हे आधी स्पष्ट केलेले बरे. कल्पना धाकट्याची. धाकटा म्हणजे अक्कांचा अकरा वर्षांनी लहान भाऊ. साठी उलटली तरी घरात तो धाकटाच होता. सात वर्षांपूर्वी त्याने बाग सेंद्रिय केली. औषधांचे डबे हद्दपार केले, शेणखताचे ढीग घातले, गवत काढायला आठ मेंढ्या आणल्या. एवढ्यावर थांबला असता तर तो धाकटा कसला? आपली द्राक्षे दुसऱ्याला विकण्यापेक्षा आपणच त्यांची वाइन करू, असे त्याच्या डोक्यात शिरले.

"आपल्या घरात दारूचं दुकान?" अक्का कडाडल्या होत्या.

"दुकान नाही गं अक्का, वायनरी."

"नाव बदललं म्हणून वास बदलत नाही."

तरीही बांधकाम सुरू झाले. जमिनीखाली तळघर झाले, वर दगडी भिंती चौकटींच्या उंचीपर्यंत आल्या. समोरची बाजू वाइनची मोठी टाकी आत नेण्यासाठी शेवटपर्यंत उघडी ठेवायची ठरली. त्या उघड्या बाजूसमोर धाकट्याने चाळीस कोवळ्या वेलींची एक ओळ लावली. येणाऱ्या माणसाने वाइन चाखण्याआधी वेल पाहावी, असे त्याचे म्हणणे होते. टाकी मग कुठून जाणार, ते त्याने मनावर घेतले नाही. आणि मग, छप्पर चढायच्या आत, हिवाळ्यात धाकटा गेला.

शेवटच्या दुपारी त्याने उशीवरून मान वळवून विचारले होते, "अक्का, तेवढं बांधकाम पुरं करशील ना?"

"आधी तू बरा हो," अक्का म्हणाल्या होत्या. "मग बघू."

बरे होण्याचे त्याला जमले नाही. अक्कांच्या कानात मात्र तो 'मग बघू' राहिला. वडिलांच्या 'उद्या'चा तो सख्खा भाऊ होता, आणि आयुष्यभर ज्या शब्दाचा तिरस्कार केला तो नेमका त्या दुपारी आपल्याच तोंडातून बाहेर पडावा, याची चीड अक्कांना दुःखापेक्षा सोसायला सोपी वाटे. म्हणून त्या दुःख करत नसत, चिडत असत.

वसंताच्या पहिल्या आठवड्यात परवाना कार्यालयाची नोटीस आली. महिनाअखेरपर्यंत परिपूर्ण अर्ज सादर न झाल्यास सदर बांधकाम अनधिकृत समजून उतरवण्यात येईल. अक्कांनी नोटीस दोनदा वाचली, तिच्यातली स्वल्पविरामाची एक चूक पेन्सिलने दुरुस्त केली आणि भावजयीला हाक मारली.

"माझा चष्मा आण. आणि चांगलं पेन. वायनरी पुरी करायची आहे."

नवरा गेल्यापासून भावजय फारसे बोलतच नसे. मेंढ्यांना चारा घाली, वेली बांधी आणि अक्का सांगतील ते आणून देई. त्या दिवशी तिने चष्मा आणला, पेन आणले आणि न सांगता चहाही आणला. अक्कांनी त्याची मनात नोंद घेतली.

अर्जात एक्केचाळीस रकाने होते. सोळाव्यापर्यंत अक्कांची लेखणी सैन्याच्या शिस्तीने चालली. सतराव्या रकान्यात प्रश्न होता: 'वेलींचे मूळ'. पुढे बोटभर मोकळी जागा.

"सगळे 'स्वतःचे' असं लिहितात," भावजय हळूच म्हणाली. "ते सांगत होते."

"सगळे लिहितात म्हणून ते खरं होतं का?"

"तसं नाही, पण अक्का, एवढीशी तर जागा आहे."

"जागा कमी पडली तर पुरवणी जोडायची असते. नियम आहे."

आणि अक्कांनी अडीच पानांची पुरवणी जोडली. अक्का बारा वर्षांच्या होत्या तेव्हा एका वसंतात, वेलींना डोळे, म्हणजे कोंब, फुटल्यानंतर कडाक्याचा गारठा उतरला. फुटव्यांवरचे दव गोठले आणि आजोबांच्या ओळी एका पहाटेत जळून काळ्या पडल्या. पुढच्या हिवाळ्यात कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनी आपल्या बागेतल्या वेलींच्या काड्या लावणीसाठी छाटून दिल्या. 'जमेल तेव्हा परत द्या' म्हणाले. त्या काड्यांवर बाग पुन्हा उभी राहिली. परतफेडीविषयी वडील काय म्हणाले, ते लिहिण्याची गरज नव्हती, तरी अक्कांनी तेही लिहिले. शेवटी त्यांनी नमूद केले: 'सदर काड्या अद्याप परत केलेल्या नाहीत.' खाली सही, चौकटीच्या आत.

अर्ज गेला आणि दोनच दिवसांनी टाकी आली.

ती स्टीलची टाकी धाकट्याने मागच्या वर्षी सांगून ठेवली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आडवी पडून ती फाटकातून आत आली, तेव्हा एखादी लठ्ठ आत्या बिनबोलावता मुक्कामाला आल्यासारखी दिसत होती. समोरच्या उघड्या बाजूने ती सहज आत गेली असती. वाटेत फक्त ती चाळीस वेलींची ओळ होती.

"ओळ काढावी लागेल," गवंडी म्हणाला.

"ओळीला हात लावायचा नाही," अक्का म्हणाल्या.

"पण अक्का, टाकी..."

"टाकी स्टीलची आहे, थांबू शकते. वेलींना आत्ताच डोळे फुटलेत. त्याने लावलेली ओळ आहे ती."

या वाक्यानंतर गवंड्याने टोपी काढून डोके खाजवले. बोलले ते इंजिनिअरसाहेब. हे वरच्या गल्लीतले निवृत्त गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले आणि निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी सल्ले तेवढे उरले. रोज सकाळी घडीची मोजपट्टी खिशात घालून ते जगात काय चुकले आहे ते पाहायला बाहेर पडत. त्यांनी टाकी मोजली, मागचा दरवाजा मोजला, आकाशाकडे पाहिले.

"सोपं आहे. मागची भिंत दीड हात फोडा. टाकी मागून न्या. पुन्हा भिंत बांधा. माझ्या एका पुलाच्या वेळी..."

"मागे मेंढ्यांचा वाडगा आहे," भावजय म्हणाली. "तीन बाजूंना कुंपण आणि चौथी बाजू ही भिंत."

"एका दिवसाचं तर काम," इंजिनिअरसाहेब म्हणाले.

आता सांगायला हरकत नाही की ज्या माणसाने जन्मभर नदीच्या दोन्ही तीरांचा विचार केला, त्याने भिंतीच्या पलीकडच्या बाजूचा विचार केला नव्हता. भिंत फोडली. ट्रॅक्टर वळसा घालून मागे गेला आणि वाडग्याच्या चिखलात चाकांच्या आसापर्यंत रुतला. टाकी ट्रॉलीवरून घरंगळली आणि कुशीवर, तोंड वाडग्याकडे करून, चिखलातच आडवी झाली. सगळे टाकीभोवती धावले. मेंढ्यांनी एकमेकींकडे पाहिले, फुटलेल्या भिंतीकडे पाहिले आणि एकामागोमाग एक वायनरीत शिरल्या. आतून समोरच्या उघड्या बाजूने बाहेर, आणि बाहेर सगळी बाग कोवळ्या पोपटी फुटव्यांनी भरलेली.

मेंढ्यांना बोलावून आणायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात त्यांनी वरच्या दोन ओळी इतक्या स्वच्छ केल्या की हिवाळा परत आल्यासारखे वाटावे. धाकट्याची ओळ मात्र वाचली. ती अगदी दाराशी असल्यामुळे मेंढ्यांना तेवढ्यात भूक लागली नसावी.

"यंदा या दोन ओळींना द्राक्षं नाहीत," भावजय म्हणाली. गेल्या तीन महिन्यांतले तक्रारीच्या सुरातले तिचे ते पहिलेच वाक्य होते, म्हणून अक्का तिच्यावर ओरडल्या नाहीत.

इंजिनिअरसाहेबांनी मोजपट्टीची घडी घातली. "तांत्रिकदृष्ट्या," ते म्हणाले, "भिंत बरोबर फुटली होती."

टाकी चिखलातच राहिली. रात्री पाऊस आला, तेव्हा मेंढ्या तिच्यात शिरून निवांत झोपल्या. घराण्यात त्या टाकीचा उपयोग करणारे पहिले जीव ते.

आणि दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला.

अक्कांनी पाकीट उघडले आणि उभ्याच राहिल्या. अर्जाच्या डोक्यावर, लाल शाईत, तिरक्या रेघेखाली शेरा होता: 'त्रुटी. रकाना १७ पाहावा.' चौतीस वर्षे ज्या हाताने हा शब्द लिहिला, त्या हातात आज तो शब्द उलटा येऊन पडला होता. अक्कांनी पाकीट उशीखाली ठेवले. मग उशीखाली कागद ठेवणे ही अव्यवस्था आहे असे वाटून ते काढले, फाइलला लावले आणि साडी बदलून त्या थेट कार्यालयात गेल्या.

परवाना कार्यालयाच्या तिसऱ्या टेबलामागे जो बसला होता, तो एकेकाळी अक्कांच्याच हाताखाली तयार झालेला कारकून. तेव्हा तो दाढी न आलेला पोरगा होता. आता त्याला टक्कल पडले होते. अक्कांना पाहताच तो ताडकन उभा राहिला. खुर्ची पुसली.

"बसा ना बाई."

"बसायला नाही आले. ही त्रुटी कोणी काढली?"

"मीच, बाई."

"कसली त्रुटी? रकाना सतरा मी अडीच पानं भरून लिहिलाय. इतका पूर्ण रकाना तुझ्या टेबलावर आजवर कधी आला होता?"

"नाही आला बाई, तीच तर अडचण झालीय." त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही लिहिलंय की काड्या शेजाऱ्यांच्या, परत केलेल्या नाहीत. म्हणजे वेली कोणाच्या, हा प्रश्न उभा राहतो. तुमच्या की त्यांच्या? शेजाऱ्यांचा ना हरकत दाखला आणा, मी लगेच पुढे पाठवतो. साधं 'स्वतःचे' लिहिलं असतं तर कोणी विचारलंही नसतं."

"म्हणजे खोटं लिहायला हवं होतं."

"तसं नाही म्हणत मी." बिचाऱ्याच्या टकलावर घाम आला. "पण बाई, तुम्हीच शिकवलंत. शंका आली की कागद थांबवायचा. माणूस कोण आहे ते बघायचं नाही."

अक्कांना राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली, कुठे तरी तळाला, थोडासा अभिमानही वाटत होता. हे दोन्ही एकदम चेहऱ्यावर दाखवणे त्यांच्या वयात शक्य नव्हते. म्हणून त्या म्हणाल्या, "शेऱ्याखाली तारीख घालायची राहिलीय तुझी," आणि निघाल्या.

महिना संपायला सहा दिवस होते.

कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांना सारा परिसर 'पंपवाले' म्हणे, कारण पाठीवर फवारणीचा पंप नसलेले ते कोणी फारसे पाहिलेले नव्हते. त्यांच्या शेतात द्राक्षे नव्हती. होता तो मका, गुरांच्या चाऱ्याचा. सेंद्रिय बाग आणि फवारणीचा मका एका कुंपणाला लागून असले म्हणजे काय होते ते वेगळे सांगायला नको. गेली सात वर्षे वारा कुठल्या दिशेने वाहतो यावरून अक्का आणि पंपवाले एकमेकांना पत्रे लिहीत. अक्कांची पत्रे टाईप केलेली असत. पंपवाल्यांची उत्तरे अक्कांच्याच पत्रांच्या पाठीवर, पेन्सिलने. धाकट्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी पंपवाले आपल्या बाजूला कुंपणापाशी उभे होते. पंप नव्हता, टोपी हातात होती. आत मात्र आले नाहीत आणि अक्कांनीही बोलावले नाही.

त्यांच्या ओसरीवर अक्का उभ्या राहिल्या, तेव्हा पंपवाले खाटेवर बसून पंपाची नळी पुसत होते.

"या अक्काबाई. वाऱ्याबद्दल काही?"

"वाऱ्याबद्दल नाही. काड्यांबद्दल."

नळी पुसणारा हात थांबला. "कुठल्या काड्या?"

"तुमच्या वडिलांनी माझ्या वडिलांना दिलेल्या."

"अस्सं!" पंपवाल्यांनी नळी बाजूला ठेवली. "आठवल्या म्हणायच्या. साठ वर्षं झाली की हो. मला वाटलं, तुमच्या घरात त्या आपोआप उगवल्या."

अक्कांनी दाखल्याचे सांगितले. पंपवाल्यांनी सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, "माझी हरकत आहे."

"काय?"

"हरकत आहे. ना हरकत कशी लिहून देऊ? तुम्हीच सांगा, कागदावर खोटं लिहायचं का?"

अक्कांच्या नाकपुड्या फुलल्या.

"माझ्या वडलांची बाग नंतर रोगानं बसली," पंपवाले म्हणाले. "मुळं सडली सगळी. तेव्हा ते तुमच्याकडे आले होते काड्या मागायला. मी बरोबर होतो. तुमचे वडील म्हणाले, 'उद्या या.' आम्ही गेलो. म्हणाले, 'उद्या या.' असे अकरा वेळा गेलो, अक्काबाई. बाराव्या दिवशी वडलांनी मका पेरला. पुन्हा कधी द्राक्षाचं नाव काढलं नाही." ते थांबले. "आठशे चाळीस होत्या. मोजून दिल्या होत्या. तेवढ्या परत द्या, दाखला घेऊन जा. एक कमी नको, एक जास्त नको."

"आता डोळे फुटलेत. आता छाटलेली काडी धरत नाही, तुम्हालाही माहीत आहे."

"मग पुढच्या हिवाळ्यात द्या."

"महिना संपायला सहा दिवस आहेत!"

"तर मग," पंपवाले म्हणाले, आणि त्यांनी नळी पुन्हा हातात घेतली, "उद्या बघू."

अक्का घरी कशा आल्या ते त्यांना आठवत नव्हते. त्या बाहेरच्या दगडावर बसल्या. समोर वायनरी होती: पुढून उघडी, मागून फुटलेली, वरून छप्पर नसलेली, आणि पलीकडे चिखलात तोंड वासून पडलेली टाकी. एखाद्या इमारतीला जेवढे दुःख करता येते तेवढे ती करत होती.

भावजय पदर खोचून शेजारी येऊन उभी राहिली. अक्कांनी सगळे सांगितले. आठशे चाळीस म्हटल्यावर भावजयीने मान वर केली.

"किती म्हणाले?"

"आठशे चाळीस. बहिरी झालीस का?"

"अक्का, तळघरात या."

अक्का तळघरात कधी उतरल्या नव्हत्या. धाकटा असताना तत्त्वासाठी आणि तो गेल्यावर हिंमत नव्हती म्हणून. भिंतीला हात लावत त्या पायऱ्या उतरल्या. आत गार होते, ओल्या वाळूचा वास होता. कडेला लाकडी पेट्यांत वाळू भरलेली, आणि वाळूत टोकाकडून पुरलेल्या काड्यांच्या जुड्या, सुतळीने बांधलेल्या, डोळे अजून मिटलेल्या.

"हिवाळ्याच्या छाटणीला त्यांनी स्वतः काढल्या," भावजय म्हणाली. "उभं राहवत नव्हतं, स्टूल घेऊन बसायचे. मला म्हणाले, नव्या उतारासाठी आहेत. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

"मला का नको?"

"तुम्ही म्हणाला असतात, आधी बरा हो."

अक्कांनी एक जुडी वर काढली. तिला एक पत्र्याची चिठ्ठी लटकत होती. चष्मा लावून त्यांनी वाचली. धाकट्याचे वाकडे अक्षर: 'शेजाऱ्यांच्या. १/२१.' पुढची जुडी: 'शेजाऱ्यांच्या. २/२१.' प्रत्येक जुडीत चाळीस काड्या. प्रत्येक कागदावर एकूण कागदांची संख्या लिहावी, ही शिस्त त्याला अक्कांनीच लहानपणी, वह्यांवर पट्टी मारून मारून लावली होती.

त्या एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत गेल्या. अठरा एकवीसांश. एकोणीस एकवीसांश. वीस एकवीसांश. मग पेटी संपली.

"एकविसावी कुठाय?"

भावजयीने पेटीतली वाळू हाताने सारखी केली.

"अगं, एकविसावी कुठाय? तूच सांग, तू होतीस!"

"ती त्यांच्याच्यानं खाली नेववली नाही," भावजय म्हणाली. "पायऱ्यांच्या वर राहिली होती. दाराशी."

आणि तेव्हा अक्कांना आठवले. त्याला पोचवून आल्यानंतरची ती दुपार. घर गार पडले होते. शेगडी विझली होती आणि भावजय खोलीतून बाहेर येत नव्हती. अक्का सरपण शोधत बाहेर गेल्या, आणि पायऱ्यांशी जी जुडी पडली होती ती उचलून त्यांनी शेगडीत घातली. चिठ्ठी होती. खडखडली होती. जिने जन्मात कधी न वाचता एक कपटाही फेकला नव्हता, त्या बाईने त्या दुपारी चिठ्ठी न वाचता जुडी पत्र्यासकट आगीत टाकली होती.

अक्का पायरीवर बसल्या. अखेर त्या उठल्या, साडीची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "फावडी आण. दोन आण. आणि पोती."

"कशाला?"

"आठशे आहेत. चाळीस कमी आहेत. समोरच्या ओळीत किती वेली आहेत?"

भावजयीचे डोळे भरून आले. "अक्का, ती त्यांनी लावलेली..."

"मला ठाऊक आहे कोणी लावली ते!" अक्का ओरडल्या. मग आवाज सावरून म्हणाल्या, "म्हणूनच."

त्या दोघींनी आणि गवंड्याने दोन दिवस ती ओळ काढली. डोळे फुटलेली वेल हलवू नये हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून प्रत्येक वेलीभोवती हातभर रुंद माती ठेवून, मुळांना धक्का न लावता, एकेक गड्डा पोत्यात बांधायचा. अक्कांचे गुडघे पहिल्याच तासात बोलू लागले. त्यांनी गुडघ्यांना उत्तर दिले नाही. इंजिनिअरसाहेब आले, खोलीबद्दल सांगू लागले. अक्कांनी फक्त मान वळवून त्यांच्याकडे पाहिले आणि इंजिनिअरसाहेबांना एकाएकी आपल्या घरी काही काम आठवले. दुसऱ्या दिवशी मात्र ते परत आले आणि न बोलता पाण्याच्या बादल्या वाहू लागले. मोजपट्टी आणली नव्हती.

तिसऱ्या सकाळी सगळे पंपवाल्यांच्या दारात गेले. गाडीवर वीस जुड्या आणि चाळीस पोती.

पंपवाले बाहेर आले. गाडीपाशी एक बाकडे ओढून घेतले, त्यावर बसले आणि पहिल्या जुडीची सुतळी सोडली. त्यांनी चिठ्ठी वाचली, खिशात ठेवली. मग मोजू लागले. एकेक काडी हातात घेत, डोळे तपासत, बाजूला ठेवत. अक्का समोर उभ्या होत्या. कोणी खुर्ची देऊ केली, त्यांनी घेतली नाही. काम होईपर्यंत बसायचे नाही, हाही त्यांच्या कार्यालयाचा जुना नियम होता. आठशे काड्या मोजायला सकाळ गेली.

"आठशे," पंपवाले म्हणाले. "आणि ही पोती कसली?"

"चाळीस मुळासकट वेली."

"काड्या ठरल्या होत्या. मुळासकट वेल म्हणजे जास्त झालं. एक जास्त नको म्हणालो होतो मी."

"चाळीस काड्या मी जाळल्या," अक्का म्हणाल्या. "त्याला पोचवून आल्यावर. शेगडीत. न बघता."

पंपवाल्यांनी वर पाहिले.

"थंडी होतीच तेवढी त्या दिवशी," ते म्हणाले, आणि पहिले पोते जवळ ओढले.

आठशे एकोणचाळीसवर ते थांबले. शेवटची वेल त्यांनी दोन्ही हातांत धरली. तिच्या डोळ्यांतून बोटाच्या पेराएवढे पोपटी पान बाहेर आले होते.

"द्राक्षं धरायला चार वर्षं लागतात," ते म्हणाले.

"लागतात."

"मी शहात्तर वर्षांचा आहे, अक्काबाई."

"मी त्र्याहत्तर. पाणी रोज घाला. आणि त्यांच्यावर तो पंप मारलात तर कुंपण ओलांडून येईन."

पंपवाल्यांनी वेल खाली ठेवली. "आठशे चाळीस," ते म्हणाले. मग घरात गेले आणि कागदावर, या वेळी शाईने, दोन ओळी लिहून आले. अक्कांनी दाखला हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"तारीख राहिलीय."

पंपवाल्यांनी कागद परत घेतला, तारीख घातली, आणि तारखेच्या पुढे, कोणी न सांगता, लिहिले: 'सर्व पोचले.'

परत येताना भावजय गाडीत पुढे बसली होती. वायनरीसमोर चाळीस खड्डे होते, आणि खड्ड्यांपलीकडे ती उघडी बाजू, आता अडवायला काही नसलेली. गवंड्याने ट्रॅक्टरला दोर लावून चिखलातली टाकी उभी केली. मेंढ्या नाराज होऊन बाजूला झाल्या. खड्डे बुजवून, फळ्या टाकून, संध्याकाळपर्यंत टाकी सरळ आत गेली आणि आपल्या जागी उभी राहिली, जणू एवढे दिवस कोणी तिला नीट विचारलेच नव्हते.

अक्कांनी त्या गोंधळाकडे पाहिले नाही. त्या बाहेरच्या दगडावर, गुडघ्यावर फाइल ठेवून, परत आलेला अर्ज उघडून बसल्या होत्या. रकाना सतराची पुरवणी त्यांनी शेवटपर्यंत वाचली. 'सदर काड्या अद्याप परत केलेल्या नाहीत,' या वाक्यावर त्यांनी आडवी रेघ मारली, रेघेच्या कडेला नियमाप्रमाणे छोटी सही केली आणि खाली सावकाश, गोल अक्षरात लिहिले:

'सदर काड्या, संख्या आठशे चाळीस, आज पूर्ण परत केल्या. आठशे धाकट्याने. चाळीस मी.'